हसू नेमकं कुठं फुटलं? विनोदी कवितेचं वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती तपासताना

शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य लिहिलेलं असतं: 'या कवितेत अनुप्रास व यमक असल्यामुळे कवितेला गेयता प्राप्त झाली आहे.' दोन गुण मिळत. पण हे वाक्य आरतीलाही लागू पडतं, पाळण्यालाही आणि निवडणुकीच्या घोषणेलाही. विनोदी कवितेला 'गेयता' या उत्तराचा काहीच उपयोग नाही. तिथं विचारायचं ते एवढंच: हसू कुठल्या अक्षरावर आलं, आणि त्याआधी कवीनं कानाला कसली सवय लावून ठेवली होती? गंमत शब्दांच्या अर्थात असते तेवढीच त्या सवयीत असते.

नमुन्याला मी माझीच आठ ओळींची कविता घेतो. ती थोर आहे म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या कवितेत 'कवीला इथं असं म्हणायचं असावं' असे अंदाज बांधावे लागतात. इथं कुठली ओळ सहज आली आणि कुठली ठोकून बसवली, ते मला माहीत आहे. सोसायटीच्या कोजागरीला दुधाच्या पातेल्याशेजारी उभं राहून ही वाचली होती.

नळाने दिला आज कोरा दिलासा
उभा फेस माखून मी देवमासा
कुणी हाक मारे, कुणी दार ठोके
किती टँकराला? हिशेबात डोके

अखेरीस खोकून तो नीट आला
जरा धार आली, तिचा रंग काळा
पुन्हा बंद झाला, पुन्हा तो दिलासा
उभा फेस वाळून मी देवमासा

आधी मोठ्यानं वाचा, पेन्सिल हातात ठेवून

मनातल्या मनात वाचून वृत्त कळत नाही. दोनदा मोठ्यानं वाचा. पहिल्यांदा फक्त हसू आलं तिथं टिंब द्या, दुसऱ्यांदा जीभ अडखळली तिथं फुली मारा. टिंबं आणि फुल्या, एवढंच भांडवल. पुढचं सगळं मोजमाप या खुणांचं कारण शोधण्यासाठी करायचं.

माझ्या कवितेत लोक दोन ठिकाणी हसले. पहिल्या 'देवमासा'वर थोडे आणि शेवटच्या ओळीत 'वाळून'वर जास्त. सहाव्या ओळीतल्या 'काळा'वर फक्त आमच्या विंगमधली मंडळी हसली. त्याचं कारण छंदशास्त्रात नाही, आमच्या टाकीत आहे.

कविता कोणत्या घरातली?

मराठी पद्याची ढोबळ तीन घरं आहेत. कवी माधव जूलियन यांच्या 'छंदोरचना' या ग्रंथानं ही मांडणी पक्की केली आणि अजून तीच वापरतात. छंदात अक्षरांची संख्या मोजतात, लघु-गुरूची, म्हणजे आखूड-लांब उच्चाराची, फिकीर नसते: ओवी, अभंग. जातीत मात्रा मोजतात: आर्या, साकी, पादाकुलक. वृत्तात अक्षरांची संख्याही ठरलेली आणि लघु-गुरूचा क्रमही ठरलेला: भुजंगप्रयात, शार्दूलविक्रीडित वगैरे. चौथं घर मुक्तछंदाचं. तिथं मोजणी थांबवून थेट पुनरावृत्तीकडे वळावं.

ओळखण्याची सोपी रीत अशी. प्रत्येक ओळीची अक्षरं मोजा. सगळीकडे सारखी आली तर बहुधा वृत्त किंवा छंद. अक्षरं कमीजास्त, पण टाळी मात्र बरोबर बसते, तर जाती. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं. 'अन्'मधला पाय मोडका न् वेगळा मोजायचा नाही.

माझ्या आठही ओळींत १२ अक्षरं आहेत. म्हणून आता लघु-गुरू.

लघु-गुरू लावताना कान वापरा, नियमाचं पुस्तक नंतर

ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघु (ल), त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचं, उच्चारित अनुस्वाराचं किंवा विसर्गाचं अक्षर गुरू (ग), त्याच्या दोन. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर आघातामुळे गुरू होतं: 'सत्य'मधला स. इथवर सगळ्यांना येतं. चुका होतात त्या पुढच्या चार जागी.

पहिली जागा: आघात नसलेलं जोडाक्षर. 'पुन्हा', 'तुम्ही', 'दुसऱ्या' म्हणून पाहा. पु, तु, स यांच्यावर जोर येत नाही, ती लघुच राहतात. माझ्या सातव्या ओळीतला 'पुन्हा' म्हणून ल-ग आहे, ग-ग नाही. संस्कृतची सवय असलेले लोक इथं हमखास चुकतात.

दुसरी: पुढच्या शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर. संस्कृतात ते मागच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरालाही गुरू करतं. मराठीत आपण शब्द सुटा उच्चारतो, म्हणून सहसा करत नाही.

तिसरी: जुनी छपाई. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्यापूर्वीच्या पुस्तकात 'हंसला' असं दिसेल. तो ह गुरू धरलात तर ओळ बिघडेल. ऐकू येत नसलेल्या टिंबाला वजन नाही.

चौथी जागा विनोदी कवितेत सर्वांत महत्त्वाची, कारण या कवितांत बाजारातले शब्द फार: इंग्रजीतून आलेले शब्द. ॲ आणि ऑ गुरू धरायचे. 'लिफ्ट' ग-ल, 'पेट्रोल' ग-ग-ल. 'मोबाईल' हा बेभरवशाचा गडी: लिहिल्याप्रमाणे ग-ग-ग-ल, पण बोलताना 'मोबाइल', म्हणजे ग-ग-ल-ल. कवीनं कुठला घेतला ते बाकीच्या ओळी सांगतील.

आता पहिली ओळ मांडू:

न ळा ने | दि ला आ | ज को रा | दि ला सा
ल ग ग | ल ग ग | ल ग ग | ल ग ग

तीन-तीन अक्षरांचे गट म्हणजे गण. 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र आठवा. ज्या गणाचं रूप हवं ते अक्षर घ्यायचं आणि पुढची दोन जोडायची. य-मा-ता म्हणजे ल-ग-ग, म्हणून हा य गण. चार य गण म्हणजे भुजंगप्रयात, मात्रा २०. बाकीच्या सात ओळी तुम्हीच मांडून पाहा. एखादी चुकली तर आधी वरच्या चार जागा तपासा.

नाव सापडलं म्हणजे काम झालं नाही

इथंच बरेच लेख थांबतात. 'प्रस्तुत कविता भुजंगप्रयात वृत्तात आहे.' बरं, मग?

मग हे विचारा, की ही चाल आपण आधी कुठं ऐकली? भुजंगप्रयात मराठी माणसाच्या कानात आहे तो मनाच्या श्लोकांमुळे. दिवेलागणीला म्हटलेले ते २०५ श्लोक. चाल सुरू झाली की मांडी आपोआप नीट घातली जाते. त्या चालीत 'टँकर' आला की ओवळ्यानं देवघरात शिरल्यासारखं होतं. विनोदाचा निम्मा भार इथं वृत्तानं उचलला आहे. शार्दूलविक्रीडिताचं तसंच. १९ अक्षरं, १२व्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा, पण एवढं मोजेपर्यंत थांबावं लागत नाही. मंगलाष्टकांची चाल कानावर पडताच हात अक्षता शोधतो. त्या चालीत कुणी वीजबिलावर लिहिलं तर बिल मांडवात उभं राहतं.

विडंबन असेल तर मूळ कविता शेजारी ठेवूनच बसा. केशवकुमारांच्या, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या, 'झेंडूच्या फुलां'सारख्या विडंबनांत मूळ कवितेचा घाट माहीत नसेल तर अर्धी गंमत हातची जाते.

उलट बाजूही पडताळून घ्यावी. तोच मजकूर दुसऱ्या चालीत घालून बघा. मी सोळा मात्रांत केलेला प्रयत्न असा:

नळात नाही टिपूस पाणी
साबण डोळ्यांतून विराणी

ही ओळ वाईट नाही, पण हिच्यात माणूस बिचारा झाला. आठ-आठ मात्रांची ही चाल बालगीतासारखी पायात घुटमळते. भुजंगप्रयातातला माणूस गंभीरपणे उभा आहे, म्हणून तो जास्त हास्यास्पद. हा फरक दोन ओळींत लिहिता आला की वृत्ताचं विश्लेषण खऱ्या अर्थानं सुरू झालं.

छंदातही हे दिसतं. मोठ्या अभंगाचा साचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात:

रिक्षावाला म्हणे
जवळचे भाडे
मोडते बा हाडे
संसाराची

लघु-गुरू इथं मोजूच नका. अक्षरं मोजा आणि 'म्हणे' कुठं बसलाय ते बघा. ज्या 'म्हणे'आधी संतांचं नाव ऐकायची सवय आहे, तिथं मीटर खाली न पाडणारा माणूस येऊन बसला आहे. शेवटचा चरण चारच अक्षरांचा, म्हणून 'संसाराची' हा शब्द सुस्काऱ्यासारखा पडतो.

ओळ कुठं श्वास घेते

यतीकडे लोक दुर्लक्ष करतात. माझ्या कवितेत सहाव्या अक्षरानंतर रेघ मारून बघा. तिसरी, चौथी, सहावी आणि सातवी ओळ तिथं स्वच्छ तुटते: 'कुणी हाक मारे, | कुणी दार ठोके'. पहिली, दुसरी, पाचवी आणि आठवी तुटत नाही. शब्द रेघेवरून पलीकडे जातो: 'उभा फेस माखू | न मी देवमासा'. म्हणजे धावपळीच्या ओळी दोन तुकड्यांत धापा टाकतात आणि देवमाशाच्या ओळी एका दमात, लांबलचक पसरतात. पाचव्या ओळीत रेघ बरोबर 'खोकू | न'च्या मध्ये येते, खोकल्याची उबळ अर्ध्यावर अडावी तशी.

खरं सांगायचं तर यातलं काहीही मी ठरवून केलेलं नव्हतं. रेघा मारल्यावर दिसलं. पण विश्लेषण करणाऱ्यानं कवीच्या हेतूची शपथ घ्यायची नसते. कानाला काय होतं ते सांगायचं असतं.

आणखी एक. बोलताना आपण 'फेस्', 'माखून्' म्हणतो, शेवटचा अ गिळतो. वृत्तात तो स आणि न पूर्ण म्हणावा लागतो, कारण गणाची सुरुवातच त्या लघूवर होते. न्हाणीघरातली भाषा अशी अक्षरन् अक्षर सुटं करून म्हणणं हीच एक नक्कल आहे. वाचताना 'माखून्' म्हटलंत तर वृत्तही मोडतं आणि गंमतही.

फुल्यांचा तपास

जीभ अडखळली त्या जागी संशयित तिघे: कवी, छापणारा आणि विनोद.

माझ्या पहिल्या खर्ड्यात पाचवी ओळ 'शेवटी खोकून तो नीट आला' अशी होती. अक्षरं अकरा, सुरुवातीचा लघु गायब. ती चूक होती, गंमत नव्हे. 'अखेरीस' घातल्यावर ओळ चालू लागली. छापणाऱ्याच्या चुका बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाच्या. कवीनं वृत्तासाठी 'सोडु' लिहिलेलं असतं, मुद्रितशोधक शुद्धलेखनाच्या प्रेमानं 'सोडू' करतो.

मुद्दाम मोडलेलं वृत्त ओळखायची खूण एकच: मोड अर्थाच्या जागी येतो. पडण्याबद्दलच्या ओळीत ओळ पडली, तोतऱ्या पात्राच्या तोंडी अक्षर जास्त झालं, तर तो डाव. साध्या वर्णनात मधेच पाय घसरला, तर ती घसरणच. कवी नावाजलेला आहे म्हणून प्रत्येक घसरणीला 'प्रयोग' म्हणू नये.

यमक: झाकून पाहायची गोष्ट

यमकाची जुळणी लिहून काढा. इथं ती अशी: दिलासा-देवमासा, ठोके-डोके, आला-काळा, पुन्हा दिलासा-देवमासा. अक्षरांत सांगायचं तर ककखख, गगकक. पहिली जोडी शेवटी परत आली, म्हणजे कविता फिरून नळाखाली. कवितेतला माणूस एक इंचही हललेला नाही, हे जुळणीच सांगते.

पण जुळणीपेक्षा दोन शब्दांतलं अंतर महत्त्वाचं. 'दिलासा' हा बातमीतला शब्द, 'नागरिकांना दिलासा' छापाचा. 'देवमासा' समुद्रातला. पहिली ओळ वाचून दुसरीचा शेवट हातानं झाका आणि अंदाज करा. 'आसा'वर संपणारे शब्द आठवतात ते उसासा, खुलासा, पिपासा. मग यातला एक घालून बघा:

उभा फेस माखून, मोठा उसासा

वृत्त बिनचूक, यमक बिनचूक, अर्थही ठीक. आणि हसू शून्य. हा अदलाबदलीचा प्रयोग मला सगळ्यांत खात्रीचा वाटतो. शब्द बदलूनही हसू टिकलं तर गंमत त्या शब्दात नव्हती, दुसरीकडे शोधा. गेलं, तर का गेलं ते लिहा. इथं का गेलं? उसासा अपेक्षित होता. देवमासा अनपेक्षित आहे आणि तरी चोख बसतो: पांढरा, अवाढव्य, आणि पाण्याबाहेर.

ठोके-डोके ही जोडी कामापुरती. तिच्याबद्दल लिहायला फार नाही, आणि नसेल तिथं लिहू नये. अनुप्रासाचंही तेच. म, न, त ही अक्षरं मराठीत पावलोपावली येतात. ती मोजून 'अनुप्रास' म्हणणं म्हणजे पावसात थेंब मोजणं. 'अखेरीस खोकून'मधला ख मात्र नळाच्या घशातला आहे, त्याची नोंद घ्यायला हरकत नाही.

पुनरावृत्ती: काय बदललं ते बघा

पुनरावृत्तीच्या तीन तऱ्हा वेगळ्या करा. एक, शब्द तसाच परत येतो. दोन, साचा परत येतो, आत शब्द बदलतात: 'कुणी हाक मारे, कुणी दार ठोके'. तीन, ओळ परत येते, पण एखादा शब्द बदलून. ध्रुवपद पहिल्या तऱ्हेचं असतं. हझल, म्हणजे विनोदी गझल, शेरागणिक तेच अंत्ययमक, म्हणजे शेवटी जसाच्या तसा येणारा शब्द, फिरवत राहते आणि दर वेळी आधीचं यमक त्याला नवी टोपी घालतं.

विनोदात तिसरी तऱ्हा फार चालते. दुसरी ओळ आणि आठवी ओळ एकाखाली एक लिहा:

उभा फेस माखून मी देवमासा
उभा फेस वाळून मी देवमासा

बारा अक्षरांतली फक्त दोन बदलली: 'मा-खू' गेलं, 'वा-ळू' आलं. दोन्ही ग-ग, म्हणून कानाला सांधा जाणवत नाही. ओळ ओळखीची म्हणून आपण बेसावध असतो, आणि तेवढ्यात देवमाशाची सुकी मासळी झालेली असते. शिवाय वाळलं कोण, फेस की मी? वाक्यरचना दोन्हीकडे झुकते. हसू दुसऱ्यांदा मोठं आलं त्याचं कारण हे; पहिली ओळ नसती तर आठवीला कुणी हसलं नसतं.

'दिलासा'ही परत येतो, पण तिथं शब्द तोच राहून त्याला 'तो' चिकटतो. 'पुन्हा तो दिलासा.' त्या 'तो'मध्ये ओळख आहे, कंटाळा आहे, थोडी शिवीही आहे. पुनरावृत्ती तपासताना शेजारचे असे किरकोळ शब्द सोडू नका.

लिहिताना

टिपणं झाली की परिच्छेद हसूपासून सुरू करा, वृत्ताच्या नावापासून नको. नमुना: 'शेवटची ओळ दुसऱ्या ओळीचीच आवृत्ती आहे, फक्त "माखून"च्या जागी त्याच वजनाचं "वाळून" आलं आहे. मनाच्या श्लोकांच्या परिचित चालीमुळे वाचक ती ओळ आधीच म्हणू लागतो आणि बदललेल्या शब्दावर फसतो.' यात वृत्त, पुनरावृत्ती आणि परिणाम तिन्ही आले, आणि 'गेयता' हा शब्द लागला नाही.

कवितेतलं कच्चं तेही लिहा. माझ्या कवितेत 'आला' आणि 'काळा' हे यमक सैल आहे. ल आणि ळ जुळत नाहीत. कोजागरीलाच पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला दूध देता देता ते सुनावलं होतं. घरी येऊन मी ओळ दुरुस्त केली:

जरा धार आली, भरे एक प्याला

वृत्त शाबूत ('एक'मधला क लघुच, वरची दुसरी जागा आठवा), यमक आला-प्याला एकदम चोख, वर गडकऱ्यांच्या नाटकाची पुसट आठवण. काकूंना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "अरे, प्यालाभर पाण्यात तोंड तरी धुऊन होतं. मग तुझा मासा वाळेल कसा?"

सैल यमक ठेवलं.